कानबाईच्या फोटोतलं पाणकणीस

“पिवळा फायनल ना? सोमवारी क्लायंटला पाठवतो,” सरांनी विचारलं.

“पक्कं,” मी म्हणाले. हा आगाऊपणा पुढे मलाच नडला.

आमची कंपनी सुरतेत सॅटेलाइट इमेजवरून नकाशे बनवते. कुठे शेत, कुठे झाडी, कुठे पाणी, ते रंगांनी दाखवायचं. याला लँड कव्हर म्हणतात. पिवळा म्हणजे ओसाड. हा पिवळा तुकडा नवागाममधल्या आमच्याच गल्लीमागचा होता. जागा ओसाड ठरली की तिथे भराव टाकायचा, असा क्लायंटचा बेत होता.

शनिवारी घरी लॅपटॉपवर आईने नकाशा पाहिला. आई धुळ्याकडची. इतकी वर्षं सुरतेत राहूनही घरात अहिराणीच बोलते.

“हाई पिवयं काय शे?”

“ओसाड जमीन.”

“ओसाड? मंग दरसाल सावनमा आपन कानबाई कोठे लई जातस?”

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत तिचं विसर्जन. आमची गल्ली मागच्या तलावडीवरच, म्हणजे छोट्या तळ्यावरच, जाते. लहानपणापासून मी तिथे गुडघाभर पाण्यात उभी राहिलेय, आणि तीच तलावडी मी पिवळी रंगवली!

चूक साधी होती. पावसाळ्यात ढगांमुळे सॅटेलाइटला खालचं दिसत नाही, म्हणून आम्ही मे महिन्याची स्वच्छ इमेज घेतो. मेमध्ये तलावडी कोरडी, गवत वाळलेलं. मला लाज वाटली आणि भीतीही. अख्ख्या वस्तीचं पावसाचं पाणी तो खड्डा पिऊन घेतो. तो बुजवला की पाणी थेट आमच्या घरात.

रविवारी आईने गल्ली पालथी घातली आणि घराघरांतून विसर्जनाचे फोटो जमवले. सोमवारी मी ते सरांच्या टेबलावर मांडले.

“पाणी छे, बरोबर,” सर म्हणाले. “पण एक दिवस पाऊस पडला की आपल्या पार्किंगमध्येही असतं.”

“बायकांच्या मागे बघा, सर.”

मागे पुरुषभर उंच पात्यांचं रान होतं, त्यात तपकिरी कणसं. दरवर्षीच्या फोटोत, त्याच जागी. हे पाणकणीस. महिनोन्महिने पाय पाण्यात असल्याशिवाय ते असं माजत नाही.

सर कामरेजकडच्या खेड्यातले. त्यांनी चष्मा लावला. “अरे, आ तो घाबाजरियुं! आमच्या तळ्यात असायचं.”

“पार्किंगमध्ये उगवतं का?”

सर हसले. चार दिवसांची मुदत मिळाली.

मी कुदळ घेऊन तलावडीवर गेले. वर सगळं वाळून कोळ झालेलं, खाली मातीत पाणकणसाचे गड्डे मात्र पांढरेशुभ्र, जिवंत. मग रडारच्या इमेज काढल्या. रडार ढगांच्या आरपार बघतं, आणि साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. आषाढापासून दिवाळीपर्यंत, दरवर्षी, आमची तलावडी काळीकुळकुळीत! मी खुर्चीतून उडालेच. ऑफिसातले सगळे बघायला लागले. बघू देत.

क्लायंटसमोर मी फोटो आणि रडार दाखवलं, आणि शेवटी मातीने माखलेला एक गड्डा टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. नकाशावर ‘पाणथळ’ असं लिहिलं गेलं. भराव रद्द झाला.

यंदाही कानबाई त्याच पाण्यात गेली. आई अख्ख्या गल्लीला सांगत होती, “मन्ही पोरनी तलावडी वाचाडी.” ती ओसाड कोणी ठरवली होती, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. नकाशा आधी आईला दाखवायचा, मगच सरांना ‘पक्कं’ म्हणायचं.