लिलावातली रायफल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको कायमची पुण्याला निघून गेली, त्या वर्षी अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या रिकाम्या घरात बसून मी ऑनलाइन लिलावातून एक जुनी रायफल घेतली. इथं बंदूक थेट घरी येत नाही; ती ज्या परवानाधारक दुकानात आली तिथला माणूस म्हणाला, “तीन दिवसांत परत करता येते. आधी बंदुकीच्या कारागिराला दाखवा.” आपल्याला यातलं काही कळत नाही हे दिसेल, या लाजेनं मी दाखवली नाही. महिन्यानं नेमबाजीच्या रेंजवर कळलं, सेफ्टीचा खटका लावूनही चाप ओढला की गोळी सुटते. नोकरीत दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासणारा मी, पण ती तशीच लिलावात विकली. घेणाऱ्या म्हाताऱ्यानं मेलवर विचारलं होतं, “काही दोष?” मी लिहिलं, “नाही.” त्याला खरं उत्तर द्यायचं अजून राहिलंय.