चहा संपेपर्यंत

दामूकाकांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला बस म्हटलं नाही, की नाव विचारलं नाही. माझ्या हातात एक ड्रिल मशीन दिलं आणि म्हणाले, "वर धर." मी ते छातीपर्यंत उचललं. "डोक्याच्या वर गो बाय. छताला भोक पाडायचंय असं समज." मी वर धरलं. मग त्यांनी समोरचा कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि रस्त्यावरची वर्दळ बघत पहिला घोट घेतला. मी खरं तर बिलं लिहायच्या कामासाठी आले होते. नुकतंच लग्न होऊन नालासोपाऱ्याला राहायला आले होते आणि तुळिंजला मशीनच्या दुकानात माणूस हवाय, एवढंच शेजारणीनं सांगितलं होतं. त्यांचा अर्धा चहा व्हायच्या आत माझा हात खाली आला. काकांनी बशी रिकामी केली, ओठ पुसले आणि निकाल दिला, "मशीन चालवायला नाय चालनार. बिलं लिहायला चालेल. उद्यापासून ये."

हा काही माझ्यासाठी काढलेला खास प्रकार नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका असंच उभं करत. ड्रिल असो, ग्राइंडर असो, मार्बल कापायचा कटर असो, काकांचा चहा संपेपर्यंत ते मशीन हवेत धरून दाखवायचं. हात खाली आला की काका मान हलवत आणि म्हणत, "हे मशीन तुजं नाय." मग त्या माणसानं नोटा मोजून पुढे केल्या तरी ते ऐकत नसत. तो नव्वदीचा काळ होता. भाताच्या खाचरांवर रोज नवी इमारत उभी राहत होती आणि मशीन विकणाऱ्याला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. अशा दिवसांत आमच्या दुकानात गिऱ्हाईक हात वर करून उभं असे आणि मालक चहा पीत बसलेले असत. समोरच्या दुकानदाराला आमचा धंदा कसा चालतो याचं शेवटपर्यंत कोडं होतं.

काका चांदीप गावचे, घरची शेती. आधी पाण्याच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे, मग बरीच वर्षं भिंती आणि स्लॅब तोडायची कामं घेतली आणि शेवटी हे दुकान टाकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "दुकानात मशीन सगळ्यांनाच हलकं वाटतं. पंखा चालू, खाली लादी, हातात थंड पानी. साइटवर शिडीवर उभं ऱ्हावून धरायचं असतं ते." ते मशीनबद्दल बोलायच्या आधी कामाबद्दल बोलत. भिंत विटेची की काँक्रीटची? काम जमिनीवर की शिडीवर? दिवसभर चालवणार की घटकाभर? आणि सगळं विचारून झालं की आवाज खाली आणून, डॉक्टर विचारतो तसं, "हाताला मुंग्या येतात का?" ज्याला येत त्याला ते भिंती फोडायचा ब्रेकर देत नसत. माणसं आपल्या मुंग्या लपवत, पण काका त्यांना शर्टाचं बटण काढून लावायला सांगत.

एकदा एक कंत्राटदार तावातावानं आला. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या टाइल्स काढायच्या होत्या. "काका, तुमच्याकडचा सगळ्यात मोठा ब्रेकर द्या. एका दिवसात बाथरूम उघडं करतो."

"करशील ना," काका म्हणाले. "तुजं करशील आनि खालच्या शेजाऱ्याचं पन करशील. त्याला आधी विचारलंस का?"

त्याला त्यांनी एका हातात मावेल असं छोटं छिन्नी-मशीन दिलं. तो ते खेळणं बघावं तसं बघत घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात तसंच दुसरं न्यायला आला आणि मोठ्या ब्रेकरचं नावही काढलं नाही.

लादी बसवणारा एक कारागीर मात्र फार हुशार निघाला. त्यानं कोपऱ्यावरच्या चहावाल्याला पढवून ठेवलं आणि काकांसाठी कोमट चहा मागवला, म्हणजे दोन घोटांत काम संपेल. ग्राइंडर वर धरून तो निर्धास्त उभा राहिला. काकांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चहा गरम करून आणायला परत पाठवला. "तोवर मशीन खाली ठेवू का?" त्यानं विचारलं. "कशाला?" काका म्हणाले. "आता येईलच." चहा आला, बशीत ओतला गेला, फुंकरा घातल्या गेल्या. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. पण त्यानं हात खाली आणला नाही आणि ग्राइंडर घेऊनच गेला.

आता गंमत अशी, की सगळ्या तुळिंजला हलकं मशीन घ्यायचा उपदेश करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मशीन मात्र दुकानातलं सगळ्यात जड होतं. तरुणपणी घेतलेल्या, भोकंही पाडणाऱ्या आणि स्लॅबही फोडणाऱ्या त्या लोखंडी धुडाला ते 'थोरला' म्हणायचे. सगळ्यात वरच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. "दुकानातलं सर्वात मोठं दे असं सांगून आनलं. कोनाला विचारलं नाय," एवढंच ते सांगत. त्या मशीननं त्यांच्या हातात काय ठेवलं ते आम्ही रोज बघत होतो. थंडीत सकाळी त्यांच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडत, सुटे पैसे बोटांतून निसटत. शर्टाची बटणं काकी लावून देत. "तिला आवडतं," काका म्हणत. काकी मागून म्हणत, "व्हय, फार आवडतं. मला दुसरं कामच नाय."

मी दुकानात चांगली मुरले होते तेव्हाची गोष्ट. काकांची मुलगी नीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. काका-काकी तोवर तुळिंजला फ्लॅटमध्ये राहायला आले होते. नात झाली आणि काकांनी आल्यागेल्या प्रत्येकाला पेढ्याबरोबर एकच गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांच्या घरात पाळणा आज्यानंच टांगायचा. नीताचा पाळणा त्यांच्या वडलांनी टांगला होता, चांदीपच्या घराच्या तुळईला. फ्लॅटला तुळई नव्हती. म्हणजे खोलीच्या स्लॅबला भोक पाडून, आत पकड घेणारा फास्टनर ठोकून हूक बसवायला हवा होता. "मी पाडतो," काका म्हणाले. "थोरल्यानं." पेढा खाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं, त्यामुळे बारशाच्या आधीच सगळ्या बाजाराला ठाऊक झालं.

काकी त्या दिवसांत फार बोलत नव्हत्या. एकदा दुकानात डबा द्यायला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परवा हातातून पितळी सुटली. भरलेली. त्यांना कळलंच नाय सुटली ते." एवढंच बोलून त्या गेल्या. माझं दिवसभर हिशेबात लक्ष लागलं नाही.

बारशाच्या आदल्या सकाळी, भारनियमनात वीज जायच्या आत काम उरकायचं ठरलं. मी दुकानातून थोरला आणला, फास्टनर आणले आणि असू दे म्हणून एक छोटं ड्रिलही पिशवीत टाकलं. खोलीत शिडी लावलेली होती. बाहेरच्या खोलीत नीता बाळाला घेऊन बसली होती. काकांनी छतावर पेन्सिलनं फुली मारली, बाह्या सरसावल्या आणि थोरल्याला हात घातला. तेवढ्यात काकी चहाचा कप घेऊन आल्या. तो त्यांनी काकांना दिला नाही. पाटावर बसल्या, बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकांना उभं करता ना? मग आता तुमी धरा. चहा मी पिते."

नीता बाहेरून हसली. काकाही हसले. "बघ आता," म्हणत ते शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि थोरला डोक्यावर धरला. मी शिडी धरून होते, म्हणून मला आधी कळलं. शिडी थरथरत होती. काकांनी मशीन नीट दाबून धरलं, मनगट वाकवलं, पुन्हा सरळ केलं. काकींनी वर पाहिलं. मग त्यांनी बशी सोडून कपच तोंडाला लावला आणि तो कढत चहा एका दमात पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं होतं तरी कप उलटा करून दाखवला. "झाला चहा! पाडा भोक."

काकांनी मशीन अजून खाली घेतलं नव्हतं. ते काकींकडे बघत होते. असं प्रेम मी फार थोड्या नवराबायकोंत पाहिलंय.

"हा चहा नाय झाला," काका म्हणाले. "दुसरा आन."

काकी उठल्या, दुसरा चहा घेऊन आल्या. काका शिडीवरच टेकले होते, ते पुन्हा उभे राहिले. या वेळी काकींनी बशीत ओतून, फुंकर घालून, घोट घोट चहा घेतला. एकदाही मान वर केली नाही. बशी अर्धी झाली आणि थोरला हळूहळू खाली आला, काकांच्या छातीशी येऊन थांबला. काका खाली उतरले. मशीन गोणपाटावर ठेवलं आणि दुकानात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "दामू भोईर, हे मशीन तुजं नाय."

मी पिशवीतलं छोटं ड्रिल पुढे केलं. "काका, हे घ्या ना. हलकं आहे."

"वजनाचं नाय गो बाय." त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहिली. "बटन दाबलंय का सोडलंय, ते बोटांना कळत नाय आता. आनि खाली पोर झोपनार हाय." मग ते पाटावर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच धर ते. वर."

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण काकींनी तिसऱ्यांदा आधण ठेवलं होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे हात खाली येताना पाहत आले होते. आता मी शिडीवर होते आणि काका बशीत चहा ओतत होते. तो चहा त्यांनी जितका सावकाश प्यायला तितका कधी प्यायला नसेल. मध्ये एकदा बशी खाली ठेवून साखर कमी आहे म्हणाले. माझा खांदा पेटला होता. पण दुकानात मशीनं फळीवरून काढून, पुन्हा चढवून माझे हात पहिल्या दिवसासारखे राहिले नव्हते, आणि बाहेर बाळ कुरकुरत होतं. बशी रिकामी झाली. काकांनी ओठ पुसले. "हं. हे मशीन तुजं."

मी फुलीवर टोक ठेवलं आणि बटण दाबलं. धूळ तोंडावर आली. थोडं आत गेल्यावर आवाज बदलला, मशीन पुढे जाईना. "सळी लागली," खालून काका म्हणाले. "झगडू नको तिच्याशी. सरक." मी डावीकडे सरकून नवं भोक पाडलं. फास्टनर ठोकला, हूक फिरवून घट्ट केला. मग काकांनी मला उतरवलं, स्वतः चढले, दोन्ही हातांनी हूक धरला आणि शिडीवरचे पाय उचलून चक्क लोंबकळले. काकी ओरडल्या. काका लोंबकळतच म्हणाले, "चालेल."

दुसऱ्या दिवशी पाळणा त्यांनीच टांगला. दोऱ्या हुकाला अडकवल्या, पाळणा सरळ लागला का बघितलं, नातीला झोका दिला. नात्यातल्या कोणीतरी विचारलं, भोक तुम्हीच पाडलंत ना? सगळ्या बाजाराला सांगून ठेवलेली ती गोष्ट होती. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. काकांनी मला हाताला धरून पुढे ओढलं. "पाळना मी टांगला. भोक हिनं पाडलं." मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जरा डाव्या अंगाला गेलंय. पन चालेल."

"सरक कोण म्हणालं होतं?" मी विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढे कितीतरी वर्षं दुकानात कोणी माझं कौतुक केलं, की ते म्हणायचे, "चांगली हाय. जरा डावीकडं जाते."

काका गेले ते चांदीपच्या घरी. थोरला तिथेच एका कोनाड्यात आहे. दुकान मी चालवते आणि मला त्यांची आठवण रोज येते, याला काही विशेष कारण लागत नाही.

मध्यंतरी काकींचा निरोप आला म्हणून त्या फ्लॅटवर गेले. नीता छताला पीओपी करून घेत होती. कारागीर शिडीवर उभा होता, त्याच्या हातात ग्राइंडर होता. हूक मध्ये येतोय, कापून टाकतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि नीतालाही ते पटलं होतं. काकी भिंतीशी पाटावर बसलेल्या. मला बघून त्यांनी डोळ्यानंच बस म्हटलं.

"काप ना," त्या कारागिराला म्हणाल्या. "पन आमच्या घरात एक रीत हाय. आधी मशीन वर धर. माजा चहा होईस्तोवर."

बिचाऱ्यानं हसून मशीन वर धरलं. काकींनी कप घेतला, बशीत थेंब थेंब चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी तशीच हातात धरून माझ्याकडे सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करू लागल्या. मग माझ्या मुलाची. मग दुकानासमोरच्या गटाराची. कारागिरानं हात बदलला, पुन्हा बदलला, आणि शेवटी ग्राइंडर खाली आणला. काकींच्या बशीतला चहा होता तेवढाच होता. "हे मशीन तुजं नाय रे," त्या मायेनं म्हणाल्या.

पीओपी झालं. हुकाभोवती गोल सोडून झालं. मी वर बघितलं, तर काका खरंच सांगत होते. जरा डाव्या अंगालाच आहे.