भेगेशेजारचा बोल्ट

आमच्या कड्यावर कुणीतरी बोल्ट मारलाय, हे मला एका रविवारी सकाळी चांगलं तीन पुरुष उंचीवर गेल्यावर कळलं. काळ्या दगडात चकचकीत पोलादी पट्टी, मधोमध नट, आणि खाली ओघळलेली राखाडी भुकटी. मी भेगेत बोटं रोवून उभा होतो. आपल्याच घराच्या दारात परक्या माणसाच्या चपला दिसाव्यात, तसं मला झालं. संताप आला, आणि त्याहून आधी संशय आला. माझं तसंच आहे. मी धाराशिवच्या कोर्टात कारकून. आठवडाभर उलटतपासण्या ऐकून ऐकून, दूधवाला दोन मिनिटं उशिरा आला तरी मला त्याचा जबाब घ्यावासा वाटतो.

हा कडा म्हणजे काही प्रसिद्ध ठिकाण नव्हे. तुळजापूरहून नळदुर्गकडे जाताना बालाघाटची एक सोंड रस्त्याजवळ येते. तिच्या पोटाशी चारमजली इमारतीएवढी दगडाची भिंत आहे, खाली पाझर तलाव, वर बाभळी. शेळ्या राखणारे सोडले तर तिकडं कुणी फिरकत नाही. वीस वर्षं मी रविवारी तिथं चढतोय. गेली काही वर्षं सोबतीला मेहुणा असतो, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं नळदुर्गला मोटारपंपांचं दुकान आहे. त्याला दोर धरायला आणि चढायला मीच शिकवलं.

आमची पद्धत जुनी. पुढं जाणारा कमरेला दोर बांधून चढतो. भेग जिथं खाली निमुळती होते तिथं धातूची छोटी पाचर अडकवतो, पाचरेच्या तारेत कडी घालतो, कडीत दोर. पडलाच तर पाचर त्याला झेलते. दुसरा खाली दोर धरून असतो. पुढचा वर पोचला की तो मागून चढतो आणि एकेक पाचर काढून कमरेला अडकवत येतो. लावणारा एक, काढणारा दुसरा. आम्ही घरी गेलो की दगड होता तसा.

बोल्टचं तसं नाही. मशीननं दगडात भोक पाडायचं, त्यात खिळा ठोकून आतून फुगवायचा, त्यावर नटानं कडी अडकवायची पट्टी आवळायची, मग तो जन्मभर तिथंच. यावरून चढणाऱ्या मंडळींत भाऊबंदकीसारखे वाद आहेत. बोल्टवाले म्हणतात, जिवापुढं दगडाचं काय कौतुक? पाचरवाले म्हणतात, मग शिडीच लावा ना. मी कडवा पाचरवाला. दगडानं जागा दिली तर अडकवावं, नाही दिली तर मुकाट्यानं खाली यावं. आज एक बोल्ट, उद्या दहा, परवा खाली तिकिटाची खिडकी आणि कणसाची गाडी. हे भाषण मेहुण्यानं किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. दर वेळी तो म्हणायचा, "व्हय दाजी."

तर त्या रविवारी मी बोल्टला हात न लावता वर गेलो. मेहुणा मागून आला. बोल्टपाशी पोचल्यावर मी वरून ओरडून विचारलं, "बघितलंस का हे?"

"बघितलं की," तो म्हणाला.

"कुणाचं काम असेल?"

"मला काय म्हाईत, दाजी." आणि तो बोल्टकडं न पाहता माझ्याकडं पाहत राहिला. कोर्टात असा साक्षीदार दिसला की वकिलाच्या तोंडाला पाणी सुटतं. पण घरचा माणूस, म्हणून मी तिकडं दुर्लक्ष केलं.

माझ्या डोक्यात दुसराच आरोपी होता. महिन्याभरापूर्वी सोलापूरचा एक माणूस कड्याचे फोटो काढून गेला होता. शाळांची साहस शिबिरं भरवतो म्हणे. पुढच्याच आठवड्यात नळदुर्गच्या ढाब्यावर तो सापडला. मी समोरची खुर्ची ओढून बसलो आणि सरळ आरोपपत्र वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे शेवभाजी संपवली.

"कुठं मारलाय म्हणता?"

"मोठ्या भेगेच्या शेजारी. मधोमध."

"साहेब, माझी पोरं वरून सोडलेल्या दोरावर चढतेत. मला बोल्ट लागला तर कड्याच्या माथ्यावर लागंल. अधेमधे एकटा मारून मी काय करू? आन् शेजारी एवढी भेग असताना कोण येडा भोक पाडतंय?"

मी उठून आलो. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नये एवढं मला कळतं. पण त्याचा शेवटचा प्रश्न खिशात खडा राहावा तसा बोचत राहिला. बोल्ट मारतात तो दगड सपाट असेल तिथं, पाचर बसायला जागाच नसेल तिथं. इथं तर वितीवर भेग होती आणि मी तिच्यात वर्षानुवर्षं पाचर लावत होतो. मग हा बोल्ट मारला कुणी, आणि कुणासाठी?

ठरवलं, मारलाय कुणीही, आपण काढून टाकायचा. मी मेहुण्याच्या दुकानात गेलो आणि सतरा नंबरचा पाना मागितला.

"कशाला, दाजी?"

"त्या बोल्टची पट्टी खोलायचीय."

तो आत गेला. बराच वेळ डबे वाजवत राहिला, मग कागदात गुंडाळून पाना दिला. घरी येऊन पाहतो तर एकोणीसचा. ज्या माणसाचा दिवस नटबोल्टात जातो, ज्याला अंधारात हातानं चाचपून नंबर कळतो, तो सतरा मागितल्यावर एकोणीस देतो? पाणी कुठंतरी मुरत होतं. मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढं यायला लागली. दुकानाच्या फळीवरच्या ड्रिल मशीनच्या खाचांतली राखाडी भुकटी. रविवारी कड्यावरून उतरलो की लगेच त्याचा फोन वाजणं, आणि त्यानं तो घेऊन बाभळीपलीकडं जाणं. मी येताना दिसलो की त्याचं "ठेवतो आक्का" म्हणणं. आक्का म्हणजे माझी बायको. ती मला फोन न करता त्याला करते, आणि तेही दर रविवारी?

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "भावाला फोन करायचा नाही का मी?" हे उत्तर नव्हतं, हा उलटा प्रश्न होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो माझाच, हे मला त्या रात्री उमगलं. बहीणभावांचं काहीतरी शिजत होतं. शिबिरवाल्याशी भागीदारी? कड्यावर मला न सांगता धंदा? सासरची माणसं माझ्याशी इतकी गोड का वागतात, याचाही मला नव्यानं संशय आला.

सासरच्यांबद्दल इथं सांगायला हवं. तिथं जावयाचा मान म्हणजे शिक्षाच. मी चहा जरा फिका आहे म्हणालो की सगळ्या घराच्या कपात साखर पडते. एकदा गप्पांत मी सास्तूर उमरगा तालुक्यात आहे म्हणालो. ते लोहाऱ्यात आहे हे पोराटोरांना माहीत. पण सासरे म्हणाले, "व्हय, असंल." दाजी चुकतात असं त्या घरात कुणी कधी म्हणालेलं नाही. मला हे फार आवडायचं.

पुढच्या रविवारी मी घरचा हातोडा कमरेला खोचून गेलो. पाना नाही तर नाही, पट्टी वाकवून टाकू. मेहुण्यानं दोर धरला. खाली दगडाची पुढं आलेली एक कपार आहे, बैलगाडीच्या साटीएवढी. ती ओलांडल्यावर मी एक पाचर लावली, थोडं वर दुसरी लावली आणि बोल्टपाशी पोचलो. डाव्या हातानं भेग धरली आणि उजव्यानं हातोडा उपसायला कमरेत वळलो.

तेवढ्यात पायाखाली बारीक आवाज झाला. टिणकन. मी खाली पाहिलं. दुसरी पाचर भेगेतून निघाली होती आणि दोरावरून घसरत चालली होती. दोराला माझ्या वळण्यानं हिसका बसला एवढंच. ती जाऊन पहिलीवर आदळली, आणि पहिलीही निघाली. दोघी दोरावरून घरंगळत मेहुण्याच्या हातापाशी जाऊन थांबल्या.

आता माझ्या आणि त्या कपारीच्या मध्ये काहीही नव्हतं. मला भीती वाटली. हातोडा कधी सुटला कळलं नाही, खाली दगडावर वाजल्यावर कळलं.

मेहुणा खालून हळू आवाजात बोलला. "दाजी, आदी त्यात कडी अडकवा. मग मला काय शिव्या द्यायच्यात त्या द्या."

मी त्या बोल्टमध्ये कडी अडकवली. कडीत दोर घातला. वीस वर्षांचं माझं भाषण तिथं लटकत होतं आणि मी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.

त्यानं मला हळूहळू खाली सोडलं. जमिनीवर बसून मी पाणी प्यायलो. तो दोराची गुंडाळी करत होता, नको इतकी नीट.

"माझ्या पाचरा अशा कधीपासून निघतायत?" मी विचारलं.

"लई दिस झाले."

"किती?"

"हात लावला की निघतेत, दाजी. काही तर हात लावायच्या आदीच. तुमाला भेगंच्या आतलं दिसत न्हाय आता. चष्मा खाली ठिवून चढता. नुसत्या सवयीनं बसवता तुमी."

मला राग आला. त्याचा नाही आला असं म्हणणार नाही. वर्षानुवर्षं मागून येऊन माझी प्रत्येक पाचर काढणारा तो एकटा माणूस. ती कशी बसली होती हे जगात फक्त त्याला माहीत, लावणाऱ्यालासुद्धा नाही. आणि तो वर येऊन कमरेचा जुडगा वाजवत म्हणायचा, "झकास, दाजी."

"मग बोलायचं नाही का?"

"दाजीला कसं बोलावं?" तो म्हणाला. हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की उलटतपासणी तिथंच संपली. दोराचा शेवटचा वेढा घालून तोच म्हणाला, "आक्का दर रईवारी फोन करती. इचारती, तुज्या दाजीचं पक्कं बसतंय का रं? मी म्हनतो, पक्कं हाय. लई खोटं बोललो तिच्याशी. म्हनलं, निदान एक तरी काय तरी पक्कं असू द्यावं तितं. जिथं तुमी पडला तर कपारीवर पडताल, तितं मारला. वरून दोर टाकून, एकट्यानं."

मी सगळ्यांचा संशय घेतला होता. शिबिरवाल्याचा घेतला, मेहुण्याचा घेतला, बायकोचा घेतला. स्वतःच्या हाताचा मात्र एकदाही घेतला नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण चढणं मला फार आवडतं. पुढं जाणारा असणं आवडतं.

माझं मत बदललं असं कुणी समजू नये. भेगेशेजारी बोल्ट मारणं हा गाढवपणाच आहे. हे मी मेहुण्याला तिथंच ऐकवलं आणि तो "व्हय दाजी" म्हणाला. म्हटलं, आज तरी व्हय म्हणू नकोस. तर त्यानं मान खाली घालून म्हटलं, "न्हाय दाजी, आमाला त्यो लागत हुता." त्या घरातून आलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला नकार.

संध्याकाळी घरी आलो. बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी चपला काढल्या, हात धुतले, तिच्याजवळ स्टूल ओढून बसलो.

"पुढच्या रविवारपासून तो पुढं जाईल," मी म्हणालो. "मी मागून. काढायचं काम माझं."

तिचा हात थांबला. काड्या बाजूला केल्या, पानं चाळणीत घेतली.

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या रविवारी दुपारची जरा झोपेन म्हणते मी."