पेटीत ठेवलेले दोन फोन

मंडळी, आज लई जिव्हारी लागलं, म्हणून लिहितेय.

परीक्षेपर्यंत रील बघायचे नाहीत, असं ठरवून मी आणि माझी रूममेट स्वाती, दोघींनी आपापले फोन पेटीत ठेवले. किल्ली घरमालकीणबाईंकडे दिली.

आज दुपारी मोडनिंबहून आई डबा घेऊन दारात उभी. "तुजा फोन लागंना. सकाळी स्वातीला फोनवर सांगितलं हुतं की, स्टँडवर या म्हणून. लई वाट बघितली."

तेव्हा कळलं. स्वातीनं पेटीत जुना बिघडलेला फोन ठेवला होता, चालू फोन उशीखाली. निरोप दिला असता तर ती पकडली गेली असती.

रील बघितले त्याचं काही नाही. पण माझी आई उन्हात बसलीय हे माहीत असून ती माझ्याशेजारी पुस्तक उघडून बसली होती.

आईनं पहिली भाकरी तिलाच वाढली. मी गप्प बसले. तुम्ही बसला असता?