शेखर आला

आमच्या नवसाबाईला चालू असलेली गोष्ट बंद करणं कधी जमलंच नाही. गॅस येऊन इतकी वर्षं झाली, तरी अंगणातल्या चुलीतला निखारा ती राखेखाली झाकून ठेवते आणि सकाळी फुंकर मारून जाळ करते. भांडणाचंही तिचं तसंच. आपल्याला वाटतं मिटलं. तिने ते नुसतं झाकलेलं असतं. मग एखाद्या लग्नात, चारचौघांसमोर, फुंकर घालते. मी तिची मोठी जाऊ, एका अंगणात दोघींची दोन घरं, त्यामुळे या फुंकरी माझ्या वाट्याला बऱ्याच आल्या.

मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला आमची जमीन. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नवसाबाईचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, साप चावून गेला तेव्हा तिचा शेखर रांगत होता. दिवस उरकले आणि ही पहाटे पाटी घेऊन फुलं तोडायला निघाली. लोक बोलले. ही म्हणाली, "झेंडू काय सुतक पाळतो व्हय?" पंचवटीतल्या फुलबाजारात उभी राहून तिने पोराला वाढवलं, आयटीआय करवलं, सातपूरच्या कंपनीत फिटर झालेला पाहिला. सून आणली सटाण्याकडची, सुवर्णा. मग आरोही झाली. आता बरे दिवस आले, असं मी एकदा मोठ्याने म्हटलं होतं. नको होतं म्हणायला.

सुवर्णाच्या कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी शेखरने एक जुना लॅपटॉप आणला होता. घरात इंटरनेट नव्हतं, ते शेखरच्या फोनवरून मिळायचं. तो कामावरून आला की गेटजवळ गाडी थांबवायचा, आधी फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, मग डोक्यावरचं हेल्मेट काढायचा. त्या हॉटस्पॉटला त्याने गमतीने नाव दिलं होतं, 'शेखर आला'. लिहिलेलं इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. लॅपटॉप उघडा असला की टिंग करायचा, पडद्यावर ते नाव यायचं, आणि सुवर्णा चहा टाकायची. गडी उंबऱ्यात यायच्या आत चहाला उकळी. मी म्हणायची, "अगं, नवऱ्याच्या गाडीचा आवाज ओळखायचा सोडून तू यंत्राचं ऐकतेस!"

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी लॅपटॉप वाजला, सुवर्णाने चहा टाकला, आणि गेटजवळ गाडी पडल्याचा आवाज झाला. हेल्मेट डोक्यातच होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

लॅपटॉप मिटला तो कपाटात गेला. शेखरचं घड्याळ आणि फोन नवसाबाईने राखेबरोबर रामकुंडात सोडले, असं तिने आम्हाला सांगितलं. जास्त विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यानंतर सुवर्णाच्या माहेरचे सारखे बोलावू लागले. पोरगी तरुण आहे, एक स्थळही त्यांनी बघून ठेवलं होतं. सुवर्णाला जायचं नव्हतं. आरोहीची शाळा इथे, तिचं सगळं इथे. शिवाय सासू एकटी पडली असती, हे ती बोलत नसे, पण मला कळायचं. तिने खटपट करून काम मिळवलं. द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या एका ऑफिसची बिलं घरबसल्या कॉम्प्युटरवर चढवायची. अट एवढीच की लॅपटॉप स्वतःचा हवा आणि सोमवारी सकाळी तो इंटरनेटवर दिसला पाहिजे, नाहीतर ते काम दुसरीला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून शनिवारी तिचा भाऊ अमोल सटाण्याहून आला. तो एका कांदा व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटर सांभाळतो. त्याने बहिणीला आधीच सांगितलं, "ताई, हा चालू झाला तर तू राहा, मी घरच्यांना समजावतो. नाही झाला तर मात्र माझ्यासोबत चल."

नवसाबाई ओटीवर हार ओवत होती. तिने मान वर केली नाही, पण सुई थांबली.

लॅपटॉप उघडला तर त्याचा जीव जाईना आणि येईनाही. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. अमोल म्हणाला, "याला विंडोज पेलवत नाही आता. हलकं लिनक्स टाकतो." आधी त्याने शेखरचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, मग जुनं होतं ते पुसून नवं टाकलं. दुपार त्यात गेली. लॅपटॉप एकदम चपळ झाला. पण वायफाय दिसेना.

"याच्या वायफायला एक फाइल लागते," अमोल म्हणाला. "लिनक्सबरोबर ती येत नाही. इंटरनेटवरून उतरवावी लागते."

"म्हणजे इंटरनेट यायला आधी इंटरनेट पाहिजे?" मी विचारलं.

ओटीवरून नवसाबाई बोलली, "त्यात काय एवढं, अक्का. आपला पंप नाय का? पाणी वढायला आधी त्याच्यात तांब्याभर पाणी वतावं लागतंच ना."

"अगदी तसंच मावशी," अमोल हसला. त्याने स्वतःचा फोन वायरीने लॅपटॉपला जोडला आणि ती फाइल उतरवली. सुवर्णाच्या फोनची चार्जिंगची पिन ढिली झालेली, चार्जिंग कसंबसं व्हायचं, पण लॅपटॉपला वायर धरत नव्हती. तिचं काम वायफायवरच चालणार होतं. मग अमोलने वायर काढून आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

तोवर दिवेलागण झाली होती. नवसाबाई देवापाशी दिवा लावायला आपल्या खोलीत गेली. आरोही माझ्या घरी टीव्ही बघत होती आणि आम्ही तिघं पडद्यासमोर. आजूबाजूच्या वायफायची नावं एकेक करून उमटू लागली. पहिलं शेजारच्या बंगल्याचं. दुसरं अमोलच्या फोनचं. आणि तिसरं उमटलं ते सुवर्णाने मोठ्याने वाचलं.

"शेखर आला."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, आणि मला पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मी मागे गेले. तिने चहा टाकला होता. हातात साखरेचा डबा, नजर गेटकडे. मी हाक मारली तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू झोपेतून उठवलं. मग पातेल्याकडे पाहिलं आणि हातातला डबा खाली पडला.

बाहेर अमोलचा चेहरा उतरलेला. घाबरला की तो आपल्या अहिराणीवर जातो. "हाई काय शे, ताई?" मग स्वतःला सावरून म्हणाला, "जुन्या लॅपटॉपमधलं राहिलं असेल म्हणावं, तर मी सगळं पुसलंय. आणि हे आतलं नाव नाही. हे बाहेरून येतंय. आत्ता. जवळच चालू आहे कुठेतरी."

"फोन तर पाण्यात सोडला," मी म्हटलं.

"जवळ गेलं की या रेघा वाढतात," तो म्हणाला आणि लॅपटॉप हातावर तोलून उठला. मला ते आवडलं नाही. पण बसून राहणं त्याहून वाईट वाटलं. आम्ही त्याच्यामागून गेलो. गेटजवळ, जिथे गाडी पडली होती, तिथे एकच रेघ राहिली. सुवर्णाने तोंडावर पदर धरला होता. अंगणात दोन. ओटीवर तीन. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि ते मधेच विसरत होते. घरात शिरून नवसाबाईच्या खोलीकडे वळलो तशा रेघा भरल्या.

नवसाबाई दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आत यायचं नाय. देव हाय आत."

"नवसे," मी म्हटलं, "देवाबरोबर अजून काय आहे?"

मला वाटलं आता जुनी फुंकर येणार. पण तिचे हात खाली आले. ती आत गेली, देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याची वायर जिथे लावली होती तिथे वाकली आणि कणगीमागून एक पुडकं काढलं. शेखरचा रुमाल. त्यात फोन. तो पाठीमागून फुगला होता, पाण्यातल्या चण्यासारखा. वायर लावलेलीच.

"मी घड्याळ सोडलं पाण्यात," ती म्हणाली. "हे नाय सोडलं."

"आणि नंबर?" अमोलने विचारलं. "तो चालू कसा?"

"लखनच्या दुकानात रिचार्ज मारते. त्याला म्हनले, वावरातल्या पंपाच्या स्टार्टरचा नंबर हाय."

मग अमोलला उलगडा झाला आणि त्याने आम्हाला तो सांगितला. त्या संध्याकाळी शेखरने गेटजवळ हॉटस्पॉट चालू केला, पण बंद करायला तो उरलाच नाही. फोन लॉक, त्यामुळे दुसऱ्या कुणी तो उघडला नाही. आणि मावशीने फोन एकदाही बंद पडू दिला नाही, त्यामुळे ते नाव तेव्हापासून तसंच बाहेर जात होतं. ऐकायला लॅपटॉप नव्हता एवढंच.

म्हणजे दीड वर्ष, रात्रंदिवस, या घरात कुणीतरी सांगत होतं की शेखर आला. उलगडा ऐकून बरं वाटायला हवं होतं. माझ्या अंगावर काटा तसाच राहिला.

"का गं ठेवलास?" मी विचारलं.

नवसाबाई खाली बसली. आमच्यात माणूस गेलं की त्या जागी रात्री पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि टोपली झाकतात. सकाळी पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते बघतात. मुंगीचं, पाखराचं, गाईचं. जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. शेखरची टोपली तिनेच उचलली होती. आम्हाला म्हणाली होती, पाखराचं पाऊल आहे.

"खोटं सांगितलं, अक्का. पीठ जसंच्या तसं. कायबी उमटलं नव्हतं. म्हंजी तो गेलाच नाय. मग दिव्याजवळ हा फोन व्हता, दोघांना एकदमच तेल-वात केलं. दिवा तुम्ही तेराव्याला इझवला. हा म्या नाय इझू दिला."

देव्हाऱ्यातला लाल दिवा तेवढा जळत होता.

अमोलच आधी बोलला, जरा चढ्या आवाजात. "मावशी, बॅटरी फुगलीय. कधीही पेट घेईल. पोरगी झोपते शेजारच्या खोलीत. ताई, भर कपडे. असल्या घरात मी तुला ठेवत नाही."

सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. "मला इथंच राहायचंय," ती म्हणाली. मग सासूकडे वळली. "पण आत्या, रोज संध्याकाळी हे नाव समोर येणार असेल तर माझ्याच्यानं काम होणार नाही. मी नुसता चहा टाकत बसेन. गेटकडे बघत. मला माझीच भीती वाटली मघाशी."

नवसाबाईने फोन दोन्ही हातांत धरला होता, आंघोळ घातलेलं मूल धरावं तसा.

"कुठं दाबायचं?" तिने विचारलं.

सुवर्णा तिच्याशेजारी बसली. कडेचं बटण दाखवलं, सासूचा अंगठा त्यावर ठेवला आणि त्यावर आपला. दोघींनी दाबून धरलं. काच उजळली, फोन एकदा थरथरला, आणि काळा झाला. अमोलने वायर काढली.

आम्ही सगळ्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं.

'शेखर आला'. सगळ्या रेघा भरलेल्या.

फोन नवसाबाईच्या मांडीवर मेलेला पडला होता, आणि नाव पडद्यावर तसंच. "यादी उशिरा बदलते," अमोल पुटपुटला. "होतं असं." पण तो स्वतःच दोन पावलं मागे सरकला होता. बाहेर कालव्याचं पाणी वाहत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

नवसाबाई गुडघ्यावर हात टेकून लॅपटॉपपाशी सरकली. तिला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण कुठलं नाव आपलं ते तिला बरोबर कळलं.

"बाबा," ती त्या नावाला म्हणाली, "ती राहती हाय माझ्याजवळ. पोर बी राहती हाय. तू आता नको थांबू."

आणि नाव गेलं. खालचं नाव वर सरकलं, जसं काही मधे काही नव्हतंच.

अमोल शास्त्र जाणतो, त्याच्याशी मी वाद घालत नाही. यादी उशिरा बदलते. असेल. त्याने फुगलेला फोन अंगणात वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवला. मग आपली पिशवी भरली, एकट्याचीच, आणि सुवर्णाला म्हणाला, "घरी मी काय सांगू?"

"काम लागलं म्हणून सांग."

"बाकी हे?"

"बाकी काय सांगणार? कोण खरं मानंल?" नवसाबाई म्हणाली. "निघ तू, गाडी चुकंल. आन् ती शेवंतीची जुडी घेऊन जा आईला. रिकाम्या हातानं नको जाऊ."

तो गेल्यावर सुवर्णाने आपला फोन काढला, हॉटस्पॉट चालू केला आणि लॅपटॉपला जोडला. लागला. ऑफिसचं पान उघडलं, त्यात बिलांच्या रांगाच्या रांगा. ती वाकून बघू लागली. नवसाबाई तिच्या मागे उभी राहिली.

"हे तुझ्या फोनवरनं आलं?"

"हो, आत्या."

"त्याला नाव काय दिलंय?"

"काही नाही. कंपनीचंच आहे, नुसती अक्षरं आणि आकडे. बदलू का?"

"नको," नवसाबाई म्हणाली. "आकडंच राहू दे. कुनाचं नाव नको देऊ त्याला."