परतीचा जोर

आमच्या घरात घड्याळ बघून कधी भात लागला नाही. बाबांची बोट खाडीच्या तोंडाशी आली की आई इंजिनाचा आवाज ओळखायची आणि तांदूळ धुवायला घ्यायची. एका वेळी आठ-दहा बोटी आत शिरत असल्या तरी त्यातली आपली कुठली, हे तिला घरात बसून कळायचं. शेजारणींनाही आपापली कळायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना हे येतंच. पुढे कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे राहायला गेले, तर बेल वाजेपर्यंत तिच्या आईला नवरा आल्याचा पत्ताच नव्हता. मला ती बाई जरा कच्चीच वाटली.

गुडघ्यांपायी बाबांनी बोट विकली आणि पुढच्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, मी गाडी घेतली. डहाणूतल्या एका चिकूवाडीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली, दोन दारांची, जमिनीला टेकलेली जुनी टर्बो स्पोर्ट्स कार. तलासरीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बिनलग्नाच्या मुलीने असली गाडी घ्यावी, याचं गावाला नवल वाटलं. मावशीने तर विचारलं, "हिच्यात बसायचं की हिला अंगात घालायचं?"

आईने एकच अट घातली. "एकदा जरी हिने तुला रस्त्यात टाकलं, तरी दुसऱ्या दिवशी गाडी विकायची." आई अटी कमी घालते, पण घातलेली सोडत नाही. बाबांची बोट एकदा इंजिन बंद पडून रात्रभर बाहेर वाहत राहिली होती. त्या रात्रीपासून बंद पडणाऱ्या कुठल्याही यंत्राला तिच्याकडे माफी नाही.

अट घातली खरी, पण गाडीचा आवाजही तिने आठवड्याभरात पाठ केला. संध्याकाळी मी खाडीवरच्या पुलावर आले की इकडे तांदूळ धुतले जायचे. मला बरं वाटायचं.

जोर वाढवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका गवताच्या टेम्पोमुळे. तलासरीहून परत येताना विवळवेढ्याच्या अलीकडे हायवेला चढ लागतो. त्या चढावर दुमजली गवत भरलेला टेम्पो मला ओव्हरटेक करून गेला. वर ड्रायव्हरने हात बाहेर काढून मला "ये, ये" असं खुणावलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्पोर्ट्स कार म्हणायचं आणि गवताच्या मागे चालायचं!

रात्री जेवताना मी आईला टर्बो समजावला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो आत जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर.

"म्हणजे फुंकणीच की," आई म्हणाली. "जास्त फुंकलंस तर राख डोळ्यात जाईल."

तलासरीच्या माझ्या गॅरेजवाल्याला राखेची फिकीर नव्हती. "बेन, बूस्ट वधारी नाखू? टर्बोचा दाब वाढवायचा, एक स्क्रू फिरवला की गाडी विमान!" मी हो म्हणणार, तेवढ्यात सोबत आलेले बाबा म्हणाले, "आधी आहे तो जोर जातो कुठे ते बघा."

मला राग आला, पण आईची अट आठवली आणि आधी तपासायला सांगितलं. बघितलं, तर हवेचा एक पाइप चिरलेला. आत कोंबायची हवा बाहेरच पळत होती. प्लग झिजलेले. रेडिएटरच्या जाळीत तर गवताच्या काड्यांचा गालिचा! इतके दिवस मी टेम्पोंच्या मागे चालून तो गोळा केला होता. एवढं दुरुस्त करून साफ केलं, तर काहीही न वाढवता गाडी निम्म्याने तरुण झाली.

मग खरं काम सुरू झालं आणि पगार आला की एकेक करत पावसाळाभर चाललं. आत जाणारी हवा थंड करायला मोठा इंटरकूलर, जास्त पेट्रोल पोचवायला नवा पंप, नवा रेडिएटर, चांगलं ऑइल. शेवटी मोकळा एक्झॉस्ट पाइप आणि नवा सायलेन्सर. तोवर गाडी तलासरीलाच होती, मी एसटीने जात-येत होते आणि आई भात अंदाजाने लावत होती. तो कधी गार व्हायचा, कधी कच्चा राहायचा.

बाबा मात्र खुशीत होते. बोट विकल्यापासून त्यांच्या हातांना इंजिन लागलं नव्हतं. बोट डिझेलची, पेट्रोल इंजिनातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. धूर काळा का येत नाही, म्हणून ते दोनदा काळजीत पडले. पण वापीहून लॅपटॉपवर इंजिन जुळवायला आलेल्या ट्यूनरशी ते भांडायला तयार होते. तो बूस्टचा आकडा वर न्यायला बघत होता, बाबा खाली.

"जोराचे चार वाटे असतात," बाबा म्हणाले. "तीन वापरायचे. चौथा परतीचा. त्याला हात लावायचा नाही."

"ही बोट नाही, बाबा!" मी जवळजवळ ओरडलेच. वरचाच आकडा ठेवायला लावून गाडी हायवेला काढली. काय पळाली! मला हसू आवरेना. पण उन्हात, चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना इंजिनातून बारीक टकटक आली. डब्यात खडे हलवल्यासारखी. ती ऐकली आणि माझं हसू गेलं. ती टकटक चालू दिली, तर एक दिवस पिस्टन फुटणार, मी रस्त्यात पडणार आणि गाडी जाणार. परत येऊन मी ट्यूनरला म्हटलं, "खाली घ्या. बाबा म्हणतात तितकं."

दुसऱ्या दिवशी आईला सांगून निघाले, "आज गाडीने येते, भात लाव." परतताना तो चढ आला आणि समोर, देवाची कृपा, गवताचा टेम्पो! तोच होता की दुसरा, देव जाणे. मी पाय दाबला, टर्बोने शीळ घातली आणि टेम्पो आरशात गेला. टकटक नाही, गरम होणं नाही. त्या आनंदात मी चारोटीला घराकडे वळायचं सोडून सायवनच्या बाजूला एक फेरी मारली. तिकडे फोनला रेंज नव्हती, हे मला आठवलंही नाही.

घरी पोचले तर अंगणात आई बसलेली. मांडीवर कोरड्या तांदळाचं ताट. तिने मान वर केली नाही.

"आई, आले ना मी!"

"तुझी गाडी आली नाही," ती म्हणाली. "मी कधीची ऐकतेय. ही कुणाची तरी दुसरीच आली."

नव्या सायलेन्सरने आवाजच बदलला होता आणि मी तिला काही बोलले नव्हते. उशीर झाला म्हणून तिने बाबांना शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मला शोधायला पाठवलं होतं. "उद्या ही गाडी विकायची," ती म्हणाली. मी वाद घातला, गाडी एकदाही बंद पडली नाही. "ते मला कसं कळणार? इथे बसून मी तुला रस्त्यात पडलेली बघत होते." मला फार वाईट वाटलं. म्हटलं, जुना सायलेन्सर परत लावते, जाऊ दे थोडा जोर.

तेवढ्यात बाबा आले. त्यांना नवा आवाज माहीत होता. सरावलीच्या नाक्यावर चहा पिताना त्यांनी मला जाताना ऐकलं आणि चहा संपवूनच निघाले. सगळं ऐकून त्यांनी मला विचारलं, "नवा आवाज हिला ऐकवलास का?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे बोटीला नवं इंजिन बसवलं की पहिल्या दिवशी ती समुद्रात जात नाही. नारळ फोडायचा आणि घरांसमोर खाडीत वर-खाली फिरवायची. बायका दारात येऊन ऐकतात. कामाला लागायचं ते मग. एवढं मला ठाऊक होतं, पण गाडीला ते लागू असेल असं काही सुचलं नाही.

सकाळी गाडीसमोर नारळ फुटला. मी पुलापर्यंत जाऊन येत राहिले. शेजारणी दारात उभ्या. एक म्हणाली, "घसा बसलाय गो हिचा." दुसरी म्हणाली, "नाही, हिला पडसं झालंय." आई डोळे मिटून उभी होती. दर फेरीला म्हणायची, "अजून एकदा." शेवटी तिने डोळे उघडले आणि आत गेली. गाडी राहणार की जाणार, मला कळेना.

संध्याकाळी पूल ओलांडून घरी आले, तर दारातच भाताचा वास. मी आनंदाने विचारलं, "ओळखलीस?"

"ओळखली. पुलावर चढताना तू अर्धाच जोर दिला होतास. बाकीचा तिच्यात होता."

"तुला तेसुद्धा ऐकू येतं?"

"मग तुझ्या बाबांचं काय ऐकत होते इतकी वर्षं? नुसती बोट आली ते नाही. जोर राखून आली, की ताणून आली."

बाबा दारात चपला काढत होते, ते तसेच थांबले.

"आणि ताणून आली असली तर?" मी विचारलं.

"तरी तांदूळ धुवायचे. पण ते दोनदा हातून सांडायचे," आई म्हणाली आणि मला पानं घ्यायला सांगितलं.