न निवडलेली ज्वारी

पिंपळनेरच्या पुढे डोंगराच्या अंगाला बोरदडी नावाचं गाव आहे. तिथल्या नर्मदाबाईंना सगळा गाव अक्का म्हणतो, आणि अक्कांसारखं धान्य निवडणारी बाई शेजारपाजारच्या गावांत दाखवून द्यावी कुणी! सूप हातात घेतलं की खडा एका बाजूला, किडका दाणा दुसऱ्या बाजूला, आणि तोंडाने गप्पा चालूच. पण याच हातांनी त्यांचा घात केला. ऐकून डोकं तापलं तर तापू द्या, तापण्यासारखंच आहे.

रेशनवर गव्हाच्या जोडीला ज्वारी मिळणार असं कळलं तेव्हा गावातल्या बायका हरखून गेल्या होत्या. पोळी सणावाराला ठीक, पण इकडच्या माणसाचं पोट भाकरीशिवाय भरत नाही. नर्मदाबाई पिशवी घेऊन पहिल्याच दिवशी रांगेत उभ्या राहिल्या. मशीनवर अंगठा उठेना. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेला अंगठा तो, त्याच्या रेघा उरल्यात कुठे? पदराने पुसून, तेल लावून, शेवटी एकदाचा उठला. घरी येऊन पिशवी सोडली तर भपकन कुबट वास आला. दाणे काळे पडलेले, काही पोकळ, काही एकमेकांना चिकटून गोळा झालेले. वरून किडे तुरुतुरु पळत होते, जणू यांच्याच नावाचं रेशन होतं.

नर्मदाबाई तशाच उलट पावली दुकानात गेल्या.

"झुलाल, हाई ज्वारी शे का कोयसा?"

दुकानदार झुलाल माणूस तसा वाईट नव्हे, पण दोन्हीकडून मार खाऊन निर्ढावलेला. म्हणाला, "अक्का, फुकट भेटी राह्यनं ना? वरथून जे येस तेच मी देस."

फुकट! या एका शब्दाने गरिबाचं तोंड किती वेळा दाबलं असेल, देव जाणे. अहो, काड्यापेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतात ही माणसं. आणि समजा फुकट दिलं, तरी माणसाला द्यायचं ते माणसाने खाण्याजोगं नको का? नर्मदाबाईंच्या मागे रांगेत मंजुळाबाई उभी होती. तीही तणतणली, आणखी दोघी-तिघी बोलल्या. झुलालने मान खाली घातली आणि पुढच्या बाईचा अंगठा मागितला.

नर्मदाबाईंना भांडण वाढवायला सवड नव्हती. त्यांची सून दिपमाला पोटुशी होती, सहावा महिना सरत आला होता, आणि तिच्या अंगात रक्त नव्हतं. मुलगा राकेश सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. म्हणजे सुनेचं सगळं सासूच्या गळ्यात. पिंपळनेरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, "रक्त वाढलं नाही तर बाळंतपण इथे होणार नाही. धुळ्याला न्यावं लागेल, आणि मग आई-बाळाचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. डाळिंब द्या, खजूर द्या, दूध द्या."

डाळिंब द्या म्हणे! नर्मदाबाई साक्रीकडच्या डाळिंबाच्या बागांमध्ये वर्षानुवर्षं निंदणीला जात आल्या आहेत. डाळिंबाचं झाड त्यांना पाठ आहे, चव मात्र विचारू नका.

पण हात टेकणारी बाई नव्हती ती. परसातल्या शेवग्याचा पाला होता. बांधावर तांदुळजा उगवत होता. कुळथाचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, शेजारच्या कोंबडीचं कधीमधी एखादं अंडं, ते फक्त सुनेच्या ताटात. आणि भाकरी कळण्याची. कळणा म्हणजे ज्वारीत सालीसकट काळे उडीद घालून दळलेलं पीठ. सालीमुळे भाकरी काळसर होते, पण अंगाला लागते, पोटाला आधार देते. उडदासाठी नर्मदाबाई एका शेतकऱ्याच्या खळ्यावर राबल्या आणि मजुरी म्हणून पैशांऐवजी उडीदच मागून आणले.

ज्वारीचं काय करायचं? ती त्यांनी पाण्यात घोळली, तरंगलेले दाणे फेकले, उन्हात खडखडीत वाळवली, मग मांडीवर सूप घेऊन दाणा न् दाणा निवडला. निम्म्याहून जास्त ज्वारी उकिरड्यावर गेली. उरलेलीत उडीद घातले, मीठ-मेथ्या घातल्या. वास मेथ्यांनी दबला आणि काळा रंग उडदाच्या सालीत लपला. दिपमालाने भाकरी खाल्ली, पोटात ठरली. नर्मदाबाईंना वाटलं, आपण जिंकलो.

तेवढ्यात अंगणवाडीच्या प्रमिलाबाई दारात आल्या. पोषण महिना चालू होता आणि रेशनच्या धान्याच्या पदार्थांची स्पर्धा ठेवली होती.

"अक्का, तुमची कळण्याची भाकरी आणि शेवग्याची भाजी आणा. तुमच्याशिवाय आपल्या गावाची लाज कोण राखणार?"

अशी गळ घातल्यावर कोण नाही म्हणेल? बुद्धविहारासमोरच्या मांडवात ताटं मांडली गेली. तालुक्याहून अंगणवाडी खात्याच्या मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी नर्मदाबाईंच्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला आणि आणखी एक मोडला. पहिला नंबर! फोटो निघाला. इथवर सगळं गोड होतं. मग मॅडमनी माईक हातात घेतला.

"बघा, भगिनींनो," त्या म्हणाल्या, "रेशनच्या धान्याला नावं ठेवणाऱ्या बायका मला गावोगाव भेटतात. धान्यात काही खोट नाही. खोट आपल्या आळसात आहे. या ताईंना जमतं, तर तुम्हाला का जमू नये?"

झुलालने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

नर्मदाबाईंच्या हातात बक्षिसाचा स्टीलचा डबा होता. तो तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. तोंड उघडायला हवं होतं, पण उघडलं नाही. पाहुण्यासमोर आपल्याच ताटाला नावं कशी ठेवायची? मांडवाबाहेर मंजुळाबाईने त्यांना गाठलं.

"अक्का, आम्ही झुलालसंगे भांडी राह्यनूत, आन तुम्ही आम्हनं तोंड बंद कयं."

ते बोलणं वर्मी लागलं. खरंच होतं ते. आपल्या सुपाने, आपल्या उन्हाने, आपल्या उडदाने त्यांनी दुसऱ्याचं पाप झाकलं होतं आणि वर त्याचं बक्षीस घेऊन आल्या होत्या. तो डबा त्यांनी फळीवर पालथा घातला आणि त्यात कधी काही भरलं नाही.

पुढच्या खेपेची ज्वारी तर आणखी वाईट निघाली. त्यात उडीद संपले. हंगाम सरला होता, खळ्यावर काम नव्हतं. नुसत्या ज्वारीची भाकरी दिपमालाच्या घशाखाली उतरेना. सासूला वाईट वाटू नये म्हणून ती पोर समोर बसून खायची आणि मागच्या दारी जाऊन ओकायची. पिंपळनेरला तपासलं तर रक्त वाढायचं सोडून घटलेलं. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही हिला नीट खायला घालत नाही का हो?"

एवढं ऐकायचं राहिलं होतं! भर दवाखान्यात नर्मदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. घरी परतल्या तर प्रमिलाबाई निरोप घेऊन बसलेल्या. साक्रीला तालुक्याचं प्रदर्शन आहे, गावोगावच्या पहिल्या नंबरवाल्यांनी तिथे रेशनचं धान्य वापरून सगळ्यांसमोर पदार्थ करून दाखवायचा.

"येस मी साक्रीले," नर्मदाबाई म्हणाल्या. "मनी सून बी येई."

या वेळी त्यांनी सूप खुंटीवरून काढलंच नाही. झुलालच्या दुकानातून नुकतीच आणलेली नवी पिशवी होती तशी, गाठ न सोडता, उचलली. साक्रीत उतरल्यावर आधी नूर महंमदच्या चक्कीवर गेल्या. नूर महंमदने पिशवी सोडली, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि नाकाजवळ नेऊन झटकन टाकून दिले.

"आपा, हे मी दळणार नाही. जात्यात वास बसेल, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठाला येईल. म्हशीला घालायचंय का?"

"नही भाऊ. तालुकाना मॅडमले."

नूर महंमद थांबला. नर्मदाबाईंनी सगळी हकीकत सांगितली. त्याने मागे उभ्या असलेल्या दिपमालाच्या पोटाकडे आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. मग ज्वारी चक्कीत ओतली. पैसे घेतले नाहीत. "चक्की मी नंतर धुऊन घेईन," एवढंच म्हणाला.

सभागृहात गॅसच्या शेगड्या मांडल्या होत्या. स्टेजवर मोठ्या मॅडम, त्यांच्या शेजारी धान्य पुरवठ्याचे एक साहेब. बाकीच्या बायकांनी गव्हाचे लाडू, धिरडी असलं काय काय केलं. नर्मदाबाईंनी परात पुढे ओढली, गरम पाण्याने पीठ मळलं. पिठात विरी, म्हणजे चिकटपणा, म्हणून राहिलीच नव्हती. भाकरी थापताना चिरत होती, तव्यावर टाकताना तुटत होती. पन्नास वर्षांत त्यांच्या हातची भाकरी अशी तुटली नव्हती, आणि आज त्यांनी ती सांधलीही नाही. भाजायला लागल्यावर वास सुटला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

नर्मदाबाईंनी ताट वाढलं. काळीकुट्ट, फाटकी भाकरी आणि शेजारी शेवग्याची हिरवीगार भाजी. स्टेजवर नेऊन मॅडमपुढे ठेवलं आणि पाहुण्याला वाढल्यावर बसतात तशा समोर बसल्या.

"जेवा, मॅडम. मागला टाइमले तुम्हले आवडनी व्हती."

मॅडम हसल्या, पण ते हसू अर्ध्यातच अडकलं. "ताई, आज बिघडली का हो?"

"ज्वारी तीच शे. त्या टाइमले मी निवडी, धुई, उडीदमा झाकी. आज झाकं नही."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मोबाइलकडे पाहिलं. "धान्य माझ्या खात्याकडे येत नाही हो ताई," मॅडम म्हणाल्या. वा! कौतुक करताना खातं आठवलं नव्हतं. ताटाला मात्र कुणी हात लावेना. साहेबांचा उपास निघाला.

एवढा वेळ दिपमाला पायरीशी उभी होती. मोठ्या माणसांसमोर चढ्या आवाजात बोलणारी पोर नव्हे ती. ती हळूहळू वर आली, सासूच्या शेजारी बसली आणि वाढलेलं अन्न वाया जायला नको म्हणून की आणखी कशाने, तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडाकडे नेला.

"अगं नको!" मॅडमनी तिचं मनगट धरलं. "खाऊ नकोस ते! तुझ्या पोटात बाळ आहे!"

माईक त्यांच्या दुसऱ्या हातात होता आणि चालू होता. ते शब्द सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले.

दिपमालाने हात सोडवून घेतला नाही. तिने मॅडमकडे वर पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "मग मी रोज घरी काय खाऊ?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. साहेब घाईघाईने उठले. "हे बघा, या बाईंना आजच्या आज धान्य बदलून देतो. नाव सांगा, आजी."

नर्मदाबाईही उठल्या. मॅडमच्या हातातला माईक त्यांनी अलगद काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा धरला होता, तोंडाच्या फार जवळ नेला.

"माले एकलीले नको," त्या स्टेजवरच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बठ्ठा गावले, सगळासले बदली द्या. तोपर्यंत हाई ताट आठेच राही."